टिकलीखालचा डाग

आमच्या आईचा बाजारच्या वस्तूंवर राग होता. साबण म्हणजे कातडीचा सत्यानाश, शाम्पू म्हणजे टक्कल, आणि तोंडाला क्रीम फासणाऱ्या बायका म्हणजे घरात कामधंदा नसलेल्या. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत डोक्याला शिकेकाई, अंगाला मसूरडाळीचं पीठ आणि साय, भेगांना आमसुलाचं तेल, मुरमांना उगाळलेलं जायफळ. चव जितकी कडू तितका गुण जास्त, आणि आग व्हायला लागली की औषध लागू पडलं, हा तिचा सिद्धांत. सगळ्या गल्लीनं तो मान्य केला होता. वडील अंबडच्या कारखान्यात होते. हात भाजला तरी ते आधी आईपुढे येऊन बसायचे.

असल्या कडक कारभारात बाजारची एकच वस्तू शिरली, ती टिकली. मागे गोंद लावलेल्या मखमली टिकल्यांची पाकिटं तेव्हा नवीनच निघाली होती. तोवर आम्ही कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवायचो. ताईला दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा एका मुलाकडच्यांनी 'मुलगी जरा गावाकडची वाटते' असा निरोप धाडला. आईनं सगळा दोष मेणकुंकवाला दिला आणि मेन रोडवरून टिकल्यांचं पाकीट आणलं. साबणाला विष म्हणणाऱ्या बाईनं तो गोंद कशाचा, हे काही विचारलं नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

काही महिन्यांनी ताईच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, पांढरा ठिपका दिसायला लागला. आईनं तो ओल्या पदरानं घासून पाहिला. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही, पण त्या दिवसापासून सगळे हळू बोलायला लागले. ज्या घरात कोड, त्या घरातल्या कुठल्याच मुलीला स्थळ येत नाही. म्हणजे ताईबरोबर मीही अडकले, असा सगळा हिशेब.

पंचवटीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून कोडावर देतात ती बावची आली. बावचीचं बी गोमूत्रात वाटायचं, डागाला लेप द्यायचा आणि गच्चीवर उन्हात बसायचं. दही बंद, लिंबू बंद, मीठ बंद. नाशिकचं ऊन काही कमी नसतं. ताईच्या कपाळाला फोड आले, फुटले, त्यातून पाणी वाहिलं.

"आई, फार भाजतंय गं," ती म्हणायची.

"भाजू दे. आतली उष्णता बाहेर पडतेय."

आणि गच्चीवरून खाली उतरली, की त्या सोललेल्या कातडीवर आई टिकली चिकटवायची. डाग दिसायला नको म्हणून. डाग टिकलीबाहेर डोकावला की त्याहून मोठी टिकली यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मोठी टिकली हिला काय शोभते.

त्यातच मनमाडचं स्थळ जुळलं. मुलगा रेल्वेत कारकून. 'लग्नानंतर पुढे शिकायचंय का' असं त्यानं ताईला सगळ्यांदेखत विचारलं होतं. असं विचारणारा तो पहिलाच. ताईला तो मनापासून आवडला होता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती मला त्याच्याविषयीच सांगत राहायची. सुपारी फुटली. लग्न उन्हाळ्यात ठरलं.

डाग काही जाईना, म्हणून शेवटी आई ताईला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी टिकली काढायला लावली, डाग पाहिला, अंगावर दुसरीकडे कुठे आहे का ते विचारलं. कुठेच नव्हता.

"हे कोड नाही, बाई," ते आईला म्हणाले. "टिकलीच्या गोंदानं रंग गेलाय. लेप बंद करा आणि टिकली लावू नका. बहुतेक भरून येईल."

"टिकली नको म्हणजे? लग्न ठरलेल्या मुलीनं मोकळ्या कपाळानं हिंडायचं?"

"मग साधं कुंकू लावा."

"कुंकवाच्या कडेनं डाग दिसतो ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी हात टेकले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "टिकलीनं कुठं काही होतं का? मग सगळ्या जगाच्या कपाळावर डाग पडले असते." घरी आल्याबरोबर आईनं तिच्या कपाळाला टिकली लावली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. हळद पायांपासून वर चढते: आधी पावलं, मग गुडघे, खांदे आणि शेवटी कपाळ. कपाळाला आपणच लावू, असं आईनं ठरवून ठेवलं होतं. पण मुलाची आत्या पुढे सरसावली. तेलानं माखलेला तिचा अंगठा ताईच्या कपाळावरून फिरला आणि टिकली अंगठ्यालाच चिकटून आली.

"हे काय हाय?" आत्या म्हणाली. मग मागे वळून आपल्या बायकांना म्हणाली, "पोरीला कोड हाय."

आई डॉक्टरांचं नाव घेऊन सांगायला लागली, हे कोड नाही, टिकलीनं झालंय, भरून येईल. ज्या बोलण्यावर तिचा स्वतःचा विश्वास नव्हता, तेच ती आता हात जोडून सांगत होती. "मंग टिकली कशापायी लावली?" आत्यानं विचारलं. बायका निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत लग्न मोडल्याचा निरोप आला. मुलगा स्वतः आला नाही. ताई हळदीच्या अंगानं पाटावर बसून त्याची वाट बघत होती.

त्या दिवसापासून ताईनं टिकली लावली नाही. कुंकूही नाही. तिनं लग्न केलं नाही; ती शिकली आणि सिन्नरच्या शाळेत शिक्षिका झाली. एसटीत शेजारी बसलेल्या बायका तिचं कपाळ बघून हळूच विचारायच्या, "कधी गेले हो?" सुरुवातीला ती समजावून सांगायची, पुढे तिनं तेही सोडलं. डाग मात्र हळूहळू भरून आला. डॉक्टर म्हणाले होते तसाच.

आई गल्लीभर सांगत सुटली, बावचीचा गुण उशिरा येतो, पण येतो. ताईचं कपाळ हा तिचा पुरावा.

एकदा रविवारी शेजारच्या काकू आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी लग्नाची, कपाळावर मोठी टिकली. आईनं बावचीची पुडी काढली. ताई भाजी निवडत होती. ती उठली, त्या मुलीसमोर बसली आणि नखानं अलगद टिकली सोडवली. खाली पांढरा गोल डाग होता.

"ही लावू नकोस," ताई म्हणाली. "आपोआप जाईल. माझा गेला."

काकू ताईच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या बोटावरची टिकली उचलली, पोरीच्या कपाळावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

"राहू दे, ताई," त्या म्हणाल्या. "आम्हाला पोरीचं लग्न करायचंय."