चाफा पडली होती

“पहिल्या दिवशी रस्त्यावर सगळीकडे चाफा पडली होती,” असं म्हणून डॉक्टरमावशी हातातला कप खाली ठेवायच्या आणि बोटांच्या टोकांनी टेबलावर चार-पाच फुलं टाकल्यासारखं करायच्या.

“पडला होता, मावशी,” मी एकदा म्हटलं.

“नाही. पडली होती.”

नागपुरात मराठी शाळेत शिकलेली, नंतर इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षं लहान मुलांना तपासणारी ही बाई चाफ्याला स्त्रीलिंगी का करते, ते मला कळेना. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमची घरं एकमेकांना चिकटून होती. लाओसची राजधानी व्हिएन्टियान मी त्यांच्याच तोंडून ऐकली. राजधानी असून रस्ते झोपाळलेले. मेकाँग नदीत पाणी कमी आणि वाळूच जास्त. गेस्टहाउसची मालकीण चपला दाराबाहेर काढायला लावते. अनवाणी भिक्षूंची भगवी रांग जाते, तिच्यामागे एक लंगडा कुत्रा. नदीकाठी लांबड्या पावात मिरची भरून देतात. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी.

सगळं पहिल्या दिवसाचं. “मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?” असं विचारलं की त्या कप उचलून सिंककडे जायच्या.

आम्हाला गंमत वाटायची. लंडनला जायचं तरी तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसणारी ही बाई पाठीवर सॅक टाकून लाओसला गेली कधी? तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, एकाच प्रवासावर जन्मभर बोलणारं. आपण ऐकतो आणि मनात हसतो.

मग एकदा मंडळाच्या गणपतीत, लाओसला निघालेल्या एका जोडप्याने त्यांना विचारलं, “मावशी, तुम्ही कधी गेला होतात?”

“मी नाही गेले,” त्या म्हणाल्या. “मुलगी गेली होती.”

परत येताना गाडीत त्यांनी मला सांगितलं. तेवीस वर्षांची, एकुलती एक. नोकरी सुरू व्हायच्या आधी एकटीच सॅक घेऊन निघाली. पोचली त्या दिवशी तिने आईला अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तिसऱ्या दिवशी शहराबाहेर मोपेडवरून पडली, आणि तिथेच गेली. तिला आणायला तिचे बाबा गेले. तेही आता नाहीत.

“मला तेव्हा अंथरुणातून उठताच आलं नाही,” मावशी म्हणाल्या. “मेसेज पाठ आहे गं. ती इथे वाढलेली, तिच्या मराठीत चाफा पडलीच होती. पण मधला एक दिवस आहे ना, त्याचं माझ्याकडे काहीच नाही. घाबरली होती का? रडली का?”

मी गाडी चालवत राहिले.

पुढच्या मार्चमध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्या निघाल्या. सॅकचे पट्टे मीच आवळून दिले. हीथ्रोच्या बसमध्ये चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी त्या माझ्या किचनमध्ये उभ्या होत्या. नाकाचा शेंडा उन्हाने सोलवटलेला, पांढरा अंबाडा सैल झालेला.

“गेस्टहाउस आहे अजून. मालकीण म्हातारी झालीय. फोटो दाखवला तर तिने आधी माझे दोन्ही हात धरले, मग इंग्रजी येतं म्हणून सुनेला हाक मारली.”

“काय म्हणाल्या?”

“झोपली होती. दुसरा सगळा दिवस. दुपारी उठून दोन वाडगे सूप प्यायली आणि परत झोपली. मालकिणीला हसत म्हणाली, आईला कळलं तर रागावेल, एवढ्या लांब झोपायला गेलीस का म्हणून.”

मावशी हसल्या. “रागावलेच असते.” मग त्यांनी टेबलाची कड धरली. चहा उतू गेला, गॅस आम्हा दोघींपैकी कोणीच बंद केला नाही.

त्यानंतर त्यांच्या तोंडून लाओस हा शब्द आला नाही. चहाच्या वेळी मी वाट बघायचे. त्या हवेबद्दल बोलायच्या, भाच्याच्या लग्नाबद्दल बोलायच्या.

गेल्या शरदात त्या कायमच्या नागपूरला बहिणीकडे गेल्या. घराची चावी माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडक्या तपासायला आत गेले. भिंती मोकळ्या, खोकी जिन्याशी रचलेली. मुलीच्या वरच्या खोलीत इतक्या वर्षांत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथला पलंग तेवढा आवरायचा राहिला होता. पडदे ओढलेले, चादर चुरगळलेली, उशीला मधोमध खळगा, आणि त्यात एक लांब पांढरा केस.