मुग्धाचा खांदा आणि माझं जर्मन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिच्यासमोर जेवायला बसणार नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही जर्मनीत एश्बॉर्नला होतो. ओल्या पानांवरून सायकल घसरली आणि मुग्धाचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. तिची वेणी मी घालायचो — कशी, ते विचारू नका. फिजिओथेरपीनं फरक पडत होता. पण तेव्हा तिकडे विम्याच्या खर्चाला कात्री लागली होती. ठरलेली सेशन्स संपली, की पुढच्यांसाठी क्रांकनकासंची, म्हणजे आरोग्यविमावाल्यांची, मंजुरी लागे. डॉक्टर म्हणाले, फोन करून विचारा. विमा माझ्या नावावर — म्हणजे फोन मीच करायचा.

आता अडचण अशी, की माझं जर्मन फर्डं आहे असं मी पार पुण्यापर्यंत सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात? ऑफिसात इंग्रजी आणि बाहेर ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, बरोबर’, एवढंच. समोर माणूस असला की हातवारे तरी करता येतात. फोनवर काय करणार?

लावला फोन. पलीकडून एक बाई भराभरा काहीतरी बोलली — आणि मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मुग्धानं विचारलं, “काय म्हणाले रे?”

“नाही म्हणाले.”

आलं ना लक्षात? नकार त्यांनी दिलाच नव्हता. तो मी दिला होता.

सगळा हिवाळा ती व्यायाम म्हणून ओठ चावत भिंतीवर बोटं चढवत राहिली. मी शेजारी उभा राहून ‘शाब्बास’ म्हणायचो. शाब्बास! आणि विमावाल्यांवरच्या रागानं ती जर्मनच्या क्लासला जाऊ लागली. झाडांना पालवी फुटली तेव्हा तिनं स्वतःच फोन लावला. मी भांडी घासत होतो — एकच पातेलं, पुन्हा पुन्हा.

“वाकवलं रे त्यांना! मंजूर! नकार का दिलात विचारलं, तर बाई गोंधळलीच!”

गोंधळणारच ना, बिचारी.

अजूनही चार माणसं जमली, की मुग्धा हा किस्सा सांगते. ‘वाकवलं’ म्हणताना तिचा उजवा हात सरळ छताकडे जातो. सगळे टाळ्या वाजवतात. मीही — जरा जास्तच जोरात.

छान जातो हो हात वर. त्या हिवाळ्यातच गेला असता.