शिफारशीचे शत्रू

शिफारशीचा इतका कट्टर शत्रू आणि शिफारशीवाचून इतका कासावीस होणारा माणूस आमच्या ग्वाल्हेरीत दुसरा झाला नाही. मामासाहेब, म्हणजे आमच्या यांचे सख्खे मामा. संस्थान विलीन झालं त्या आठवड्यात त्यांनी दरबारी पगडी उतरवून खादीची टोपी घातली, पण पगडी डांबराच्या गोळ्या घालून पेटीत जपून ठेवली. "राजकारण आहे, सांगता येत नाही," म्हणाले. बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, सभा असली की मूठ आपटून गर्जत, "भाइयो, सिफारिश इस देश की दीमक है!" आणि टाळ्या थांबायच्या आत खाली उतरून पहिल्या रांगेतल्या मंत्र्याच्या कानाशी लागत. नोकरभरतीतली शिफारस बंद करायला समिती निघाली, तर तिच्यावर आपलीच नेमणूक व्हावी म्हणून सगळ्या बंगल्यांचे उंबरे झिजवून आले आणि नेमणूक मिळवलीच. "मामा, ही शिफारस नव्हे का?" असं यांनी विचारलं, तर म्हणाले, "अरे, चोर धरायचा तर चोराच्या गल्लीत जावंच लागतं."

दर उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरीहून इंदूरला हलली की मंत्र्यांमागे मामासाहेबही निघत, बरोबर माझ्या हातच्या चिरोट्यांचा डबा. "ही भेट नव्हे, सूनबाई, फराळ आहे. फराळाला कायदा लागत नाही." मी खाली मान घालून तळत असे.

माझ्या नणंदेला, वत्सलावन्संना, वैधव्य आलेलं, पदरात दोन मुली. मुलींच्या सरकारी शाळेत मास्तरणीची जागा निघाली, तिच्या परीक्षेत वन्सं पहिल्या आल्या. निवड मामासाहेबांच्या त्याच समितीकडे होती. जागा मिळाली एका मंत्र्याच्या भाचीला.

मी चुलीपुढे चिरोटे तळत होते, मामासाहेब डब्यासाठी येऊन बसले होते. वन्संनी दारातच विचारलं, "मामा, माझं नाव पहिलं होतं ना?"

"होतं. मीच काढलं. घरचं माणूस घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते? तत्त्व आहे, बाळ."

"आणि मंत्र्यांची भाची?"

"ती कुठे माझ्या घरची आहे?"

मी कढई उतरवली आणि चुलीत पाणी ओतलं. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "मामासाहेब, मंत्र्यांचा फराळ आता या चुलीवर होणार नाही."

"अगं, दुपारची गाडी आहे! निम्मेच झालेत!"

"निम्मे आपल्या तत्त्वाला वाढा."

वर्षभर वन्संनी माझ्या जुन्या लुगड्यांचे परकर शिवून मुलींना घातले. मग गावाबाहेरच्या बिर्लानगरातल्या एका लहान शाळेत स्वतः जाऊन जागा मिळवली. इतक्या लांब रोज पायी जात.

पुढे राजधानी भोपाळला गेली, मंत्री गेले, मामासाहेबांच्या ओसरीवर कुणी येईनासं झालं. शेवटच्या आजारात औषधपाणी वन्संच करीत. कुणी समाचाराला आलं की मामासाहेब उशीवरून उठून सांगत, "हमारी भांजी! बिना सिफारिश मास्टरनी हुई है!" जणू त्यांचीच कमाई. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एकदा घरात आम्ही दोघंच होतो. हळूच म्हणाले, "सूनबाई, ती अजून पायीच जाते का गं?"

"हो," म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझा राग काही गेला नाही. पण त्यांचं पांघरूण सरकलं होतं, ते मी नीट केलं.