भाऊसाहेबांची रुंद धाव

आज मुलाने तापलेल्या लोखंडावर पाणी ओतलं, तशी ती करपट वाफ नाकात शिरली आणि चाळीस वर्षांपूर्वीचे भाऊसाहेब आठवले. असला दीडशहाणा माणूस अख्ख्या ठाण्यात दुसरा नव्हता.

जमिनी पुष्कळ, म्हणून चार चाकांची घोडागाडी घेतली आणि साडूशी कोलशेतपर्यंत शर्यत लावली. मग आले माझ्या भट्टीवर. चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीला आम्ही धाव म्हणतो. तेवढ्या एका शब्दावर त्यांनी शास्त्र रचलं होतं.

"मागच्या चाकांना दुप्पट रुंद धाव घाल. धाव मोठी, तर गाडी जास्त धावणार!"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मागची चाकं जमीन धरून बसतील आणि पुढची वळणावर घसरतील. गाडी वळायची नाही."

"तू लोखंड ठोक. अक्कल मला शिकवू नकोस."

बरोबरची मंडळी खो खो हसली. मी धाव ठोकली.

सरळ रस्त्यावर भाऊसाहेब पुढे होते. मिठागराच्या वळणावर घोडी वळली, गाडी मात्र सरळच गेली आणि घोडीला ओढत बांधाखाली उतरली. भाऊसाहेब पागोट्यासकट खाऱ्या चिखलात बसले! हा किस्सा मी वर्षानुवर्षं चवीने सांगितला.

घोडीचा पाय मोडला, तिला तिथंच गोळी घालावी लागली, हे कधी सांगितलं नाही. त्या मूर्खाला धाव म्हणजे काय ते कळत नव्हतं. मला कळत होतं. तरी ती मीच ठोकली, तो चिखलात पडलेला बघायला मिळावा म्हणून.