मार खाणाऱ्या पोरांचा सिनेमा

चूक माझी होती आणि ती मी माईकवर केली. गेल्या दिवाळीनंतर हिंगोलीत आमच्या कॉलेजच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाळामास्तराकडे ते आपोआप येतं. जुन्या आठवणी म्हणून मी आमच्या गॅदरिंगमधले फिशपाँड म्हणून दाखवायला लागलो. फिशपाँड म्हणजे कुणाची तरी टिंगल करणारी निनावी चारोळी. ती कागदावर लिहून पेटीत टाकायची आणि गॅदरिंगच्या दिवशी स्टेजवरून सगळ्यांसमोर वाचली जायची. शेवटचा फिशपाँड मी स्वतः लिहिलेला होता, त्यामुळे तो तोंडपाठ होता:

मेंढरं सोडली माळाला, बाई आल्या कॉलेजाला;
सरांनी घेतली हजेरी, तर 'बें' म्हणाल्या उत्तराला.

जिच्यावर तो लिहिला होता ती समोरच बसली होती. गोरेगावहून आली होती, शेजारी तिचा कॉलेजात जाणारा मुलगा. मागून कुणीतरी 'बें' केलं, मग आणखी दोघातिघांनी. टक्कल पडलेली, सुना आलेली माणसं. मुलानं आईकडे पाहिलं. ती उठली, पर्स घेतली, मुलाच्या पाठीला हात लावला आणि दोघं जेवणाकडे न वळता सरळ गेटबाहेर गेली. मी माईकवर म्हणालो, "गाडी चुकंल म्हणून निघाल्या वाटतं." त्यावरही हशा झाला.

ती चारोळी मला एका इंग्रजी सिनेमामुळे सुचली होती. आमच्या वेळी एसटी स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लावत. खाली सतरंजी, पुढे टीव्ही, आणि कुठून तरी आलेल्या अमेरिकन कॅसेटी. इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, पण गोष्ट कळायची. कॉलेजातली चष्मेवाली, काटकुळी, घाबरट पोरं. दांडगी पोरं त्यांना बदडतात, खोलीतून हाकलतात, आणि शेवटी हीच पोरं अक्कल लढवून जिंकतात. आम्ही खेड्यांवरून आलेले. पायजम्यावरून, बोलण्यावरून शहरातली पोरं आम्हाला हसायची. सतरंजीवर बसून आम्ही ठरवून टाकलं की हा सिनेमा आमच्यावरच काढलाय. त्याचा दुसरा भाग आला, तिसरा आला, तेही पाहिले. मग गॅदरिंगची पेटी ठेवली गेली आणि आम्हाला वाटलं, आता आपली पाळी.

शहरातल्या पोरांवर लिहायची हिंमत माझ्यात नव्हती. मी तिच्यावर लिहिलं. तिच्या घरी मेंढरं होती, एसटीनं यायची, कुणाशी बोलायची नाही. हॉलमध्ये शहरातली पोरं माझ्या ओळींवर हसली. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं मला पहिल्यांदा चहा पाजला. जिंकलो असं मला वाटलं.

मे महिन्यात लेक नांदेडहून सुट्टीला आली. गप्पांमध्ये मी त्या सिनेमांचं कौतुक सांगितलं, तर तिनं ते मोबाईलवर शोधून टीव्हीला जोडून दिले. खाली हिंदीत अक्षरं येत होती. इतक्या वर्षांनी मला त्या पोरांचं बोलणं पहिल्यांदा समजलं.

संताप झाला माझा, दुसरा शब्द नाही. ही काटकुळी, बिचारी पोरं मार देणाऱ्या दांडग्यांचं फारसं काही वाकडं करत नाहीत. सूड घेतात तो पोरींवर. वसतिगृहाच्या खिडक्यांतून डोकावतात, दोरीवरचे कपडे पळवतात, लपून काढलेले फोटो वाटतात. आणि मागे बँड वाजतो! ज्या पोरीला फसवलं तीच शेवटी हसत हसत फसवणाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणजे तिची काही तक्रारच नव्हती, असं लिहिणाऱ्यानं परस्पर ठरवून टाकलेलं. सतरंजीवर बसून मी याला टाळ्या वाजवल्या होत्या.

"बाबा, हे हिरो आहेत?" लेकीनं विचारलं.

"पुढं बघ," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

पुढचे भाग तर पाहवत नाहीत. दुसऱ्या भागात तीच पोरं सहलीला जाऊन तेच करतात. तिसऱ्यात ती मोठी झालीत, पैसेवाली झालीत, कॉलेज त्यांच्याच हातात आहे, आणि तरी प्रत्येक प्रसंगात रडतात की आम्ही बिचारे, आमच्यावर अन्याय. जिंकल्यावरसुद्धा ह्यांना बिचारंच राहायचंय, कारण बिचाऱ्याला सगळं माफ असतं. मी टीव्ही बंद केला. आमचा मेळावा म्हणजे हाच तिसरा भाग होता. कुणी मास्तर, कुणी आडत्या, कुणी पंचायत समितीत, गेटवर आमच्या गाड्या उभ्या, आणि माईकवर मी सांगत होतो की आपण खेड्यातली गरीब पोरं.

बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी त्या फिशपाँडचा विषय काढला. ती मेळाव्याच्या दिवशीच ग्रुपमधून बाहेर पडली होती, हे मला तेव्हा दिसलं. हळदीची आडत चालवणाऱ्या मित्राचा लगेच फोन आला.

"अरे मास्तर, मजाक व्हती ती. आता काहून उकरून राहिला?"

"ती जेवली न्हाई, उठून गेली."

"मग आमी काय धरून ठेवायचं व्हतं का? सगळे हसले की. तिलाच तकलीफ काहून व्हती?"

"तू बें केलं व्हतं."

"व्हय, केलं! अन् तू काय आरती म्हणत व्हता?"

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मी जास्त चिडलो आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात मी जीपनं गोरेगावला गेलो. तिचं तिथे कृषी सेवा केंद्र आहे. पेरणी तोंडावर आलेली, सोयाबीनच्या बियाण्यासाठी गिऱ्हाईकं उभी होती.

"या सर," ती म्हणाली. "बियाणं पाहिजे का?"

"न्हाई. माफी मागायला आलो."

"तोंडपाठ म्हणले तवाच वळखलं मी, लिहिलं कुणी ते. कवाची माफी? दिवाळीनंतरची, का कॉलेजातली?"

"दोन्ही."

तिनं एका म्हाताऱ्याला पिशवी दिली, पावती फाडली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "गॅदरिंग झाल्यावर हजेरीला माझं नाव आलं की पोरं बें करायची. म्हणून मी उत्तर देणंच बंद केलं. वर्गात बसलेली, अन् मांडलेली गैरहजर. हजेरी भरली न्हाई, परीक्षेला बसू दिलं न्हाई. बापाला म्हणलं, माझं मन लागत न्हाई. काय सांगू त्याला? तुमचीच मेंढरं मधी आली म्हणू?"

मला हे माहीत नव्हतं. तिनं लग्नासाठी कॉलेज सोडलं असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"इथं हळू बोलून राहिले सर. तिथं माईक व्हता." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या पोरानं गाडीत विचारलं, आई, ते लोक बें काहून करत व्हते? मी म्हणलं, कायी न्हाई. आता त्याला खोटं वाटते मी बोलले ते. तुमी जिथं बोलले तिथं सांगा. अन् ते त्याला बी ऐकू येऊ द्या."

गिऱ्हाईकं थांबली होती. त्यांना बाहेर जा म्हणावं असं मला वाटलं, तिला वाटलं नाही. मी तिच्याकडून मुलाचा नंबर घेतला, फोन काढला, मेळाव्यातली सगळी माणसं असलेला बॅचचा ग्रुप उघडला आणि तिच्यासमोर, बियाण्याच्या पोत्यांजवळ उभा राहून आवाज रेकॉर्ड केला. ग्रुपवर आणि तिच्या मुलालाही जो गेला तो असा:

"मेळाव्यात म्हटलेला फिशपाँड मी लिहिला होता. कॉलेजात असताना, नाव न टाकता. ती मजाक नव्हती. शहरातली पोरं मला हसायची आणि त्यांना बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी एकटी पोरगी निवडली. त्यामुळे तिचं शिक्षण सुटलं. मेळाव्यात मी तेच पुन्हा केलं, तिच्या मुलासमोर. बाळा, तुझ्या आईनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. माझं चुकलं. ताई, मी तुमची माफी मागतो."