कुंडीचं माप

लाटणं हातात आलं की हात आपले आपण चालतात. मातीची पोळीसुद्धा मी गोलच लाटली. "काकू, चौकोनी हवीय ना?" मातीकाम शिकवणारी मानसी हसत म्हणाली. मी कडा कापून टाकल्या. हसू आलं नाही, ओशाळल्यासारखंही झालं नाही.

ह्यांनी वाढवलेल्या वडाच्या बोन्सायची कुंडी तडकली, म्हणून मी या वर्गाला येते. झाड वीतभर, पण वय आमच्या मुलीएवढं. हे गेल्यापासून त्याला पाणी मीच घालते. माया वगैरे काही नाही. सकाळी नळाला पाणी असतं, म्हणून घालते. लोक म्हणतात, एकदा रडून घे. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

जुन्या कुंडीच्या मापाने पट्ट्या कापल्या, कडांना पातळ चिखल लावला आणि तळावर चार भिंती उभ्या केल्या. मानसीने वाकून पाहिलं.

"थोडी मोठी करा, काकू. भाजल्यावर माती आकसते. भट्टीतून बाहेर काढली की वाटतं, एवढीशीच होती का ही?"

"हो," मी म्हणाले.

हे चांगले उंचपुरे होते. बाल्कनीच्या दारातून जाताना वाकायचे. स्मशानातून परत मिळाले ते लहानशा मडक्यात. रिक्षात ते मी एका हाताने धरलं होतं. दुसऱ्या हाताचं काय करायचं, ते मला घरी येईपर्यंत सुचलं नाही.

मी भिंती मोडल्या आणि माती पुन्हा लाटायला घेतली. दोन्ही हातांनी.