पीळताईची परीक्षा

जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला पीळताई म्हणत, तेही तोंडावर. गाडीच्या चकचकीत दिव्यांकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिला हवा असे तो खालचा लोखंडी सांगाडा. त्याची मागची टोकं जमिनीतल्या खांबांना जखडायची, पुढच्या टोकांवर आडवा दांडा बांधायचा, दांड्याच्या एकाच बाजूला वजनं टांगायची आणि सांगाडा कुठे किती पिळतो ते जागोजागी लावलेल्या काट्यांवर बघायचं, हे तिचं काम. आणि काय नजर होती बाईची! जुना सांगाडा खड्ड्यात थोडं अंग वळवतो म्हणूनच टिकतो, हे सांगून सांगून तिनं सगळ्यांचे कान किटवले होते.

त्यात तिचा सख्खा थोरला भाऊही आला. दादा तिथेच वेल्डर. हात सोन्याचा, पण ऐकून घेण्याच्या नावानं पूज्य. कित्येक वर्षांच्या सुट्ट्या घालवून त्यानं स्वतःसाठी एक भंगारातली गाडी उभी केली होती, आणि सांगाडा भक्कम व्हावा म्हणून मधोमध जाड पट्ट्या वेल्ड करून टाकल्या होत्या. रविवारी वहिनीला शेजारी बसवून घाट चढायचा बेत होता. बहिणीची तपासणी म्हणजे नुसता उपचार, असं तो धरून चालला होता.

वजनं चढली. सांगाडा जेमतेम हलला. दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती मात्र काट्यांकडे बघत होती. पट्ट्या होत्या तिथले काटे गप्प होते, आणि पट्ट्या संपतात तिथला एकच काटा उडी मारून पुढे गेला होता. सगळा पीळ त्या वीतभर जागेत गोळा होत होता. इथे लोखंड फाटणार, असं तिनं सांगितलं. खोट काढायची तुला सवयच आहे, म्हणून दादानं ते उडवून लावलं.

"मग फाटेपर्यंत पिळून बघू," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला. "आणि मोडला तर?"

"इथे मोडला तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. घाटात मोडला तर बोलायला राहणार नाहीस."

शेवटी त्यानं होकारार्थी मान हलवली. सांगाडा एकदा इकडे, एकदा तिकडे असा दुपारभर पिळला गेला. माझंच चुकू दे, असं ती मनात घोकत होती. चहाच्या सुमारास कट्‌ असा आवाज झाला. पट्टीच्या कडेशी बोटभर तडा गेला होता. तिला रडू आवरेना. दादा तड्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

"सगळ्यांच्या गाड्या अशा मोडून बघतेस?"

"नाही. बाकीच्यांना तपासणीचा कागद देते आणि हात झटकते."

दादानं ग्राइंडर उचलला आणि तो आपल्याच हातानं पट्ट्या कापायला बसला. रविवारी दादा आणि वहिनी बसनं तिच्याकडे जेवायला आले.